अल्प व्याजाचें कार्ड : नफा किती, धोका किती

दुसऱ्याचा पैसा थोड्या व्याजानें घ्यावा, तो अधिक व्याजानें गुंतवावा आणि मधला फरक आपल्या पदरांत पाडून घ्यावा, ही युक्ति कांहीं आजची नाहीं. ज्या काळीं औरंगाबादेंत निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार रुपया हीं दोन्ही नाणीं चालत, त्या काळीं सराफ दोहोंच्या भावांतील फरकावर बट्टा घेत. पेढीवाल्यांचा तर सारा व्यवसायच फरकावर उभा असतो. ठेवीदारास शेकडा सहा द्यावयाचे आणि ऋणकोकडून शेकडा दहा घ्यावयाचे, यालाच बँकिंग हें भारदस्त नांव आहे. नवल इतकेंच कीं, आज छत्रपति संभाजीनगरांतील सिडकोंत किंवा उल्कानगरींत राहणारा एखादा पगारदार गृहस्थहि हा पेढीवाल्याचा डाव बँकेवरच उलटवूं पाहतो. आणि त्यासाठीं त्याच्या हातीं जें साधन असतें, तें म्हणजे क्रेडिट कार्ड.

हें कार्ड म्हणजे तारणावांचून मिळणारें, लहानसें, पण सतत चालू असलेलें कर्ज होय. ज्यानें त्याचें बिल दरमहा पुरतें चुकतें केलें त्यास तें बिनव्याजी पडतें. ज्यानें तें अर्धवट चुकतें केलें त्यास तें आपल्या देशांतील कायदेशीर कर्जांपैकीं बहुतेक सर्वांहून महाग पडतें. एकाच वस्तूचीं हीं दोन टोकें आहेत, आणि त्यांच्या मधें फारसें कांहीं नाहीं. नफ्याची सारी कथा या दोन टोकांमध्येंच घडते.

प्रथम बिनव्याजी मुदतीचें गणित पाहावें. समजा, एका कार्डाचें बिल दर महिन्याच्या ५ तारखेस तयार होतें आणि तें २५ तारखेपर्यंत भरावयाचें असतें. ६ जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलांत येते व तिचे पैसे २५ जुलैला द्यावे लागतात. म्हणजे एकूणपन्नास दिवस बँकेचा पैसा फुकट वापरावयास मिळतो. हीच खरेदी ४ जूनला केली असती, तर ती ५ जूनच्या बिलांत आली असती आणि एकवीस दिवसांतच पैसे मोजावे लागले असते. दोन दिवसांच्या अंतरानें मुदत दुपटीहून अधिक वाढते, ही गोष्ट कार्ड बाळगणाऱ्या कित्येकांच्या ध्यानींहि नसते.

आतां एखाद्या गृहस्थानें ६ जूनला निराला बाजारांत घरांतील लग्नकार्यासाठीं ४०,००० रुपयांची खरेदी कार्डावर केली, असें समजूं. तेवढेच रुपये त्याच्या बचत खात्यांत एकूणपन्नास दिवस पडून राहिले. बचत खात्यावर दरसाल शेकडा तीन व्याज धरलें, तर त्यास १६१ रुपये मिळतात. खात्यांतील जादा रक्कम आपोआप मुदत ठेवींत वळती होण्याची सोय असली आणि तेथें साडेसहा टक्के मिळत असले, तर ३४९ रुपये मिळतात. कार्डाची वार्षिक फी नसेल, तर हा नफा निर्भेळ होय. तो लहान आहे खरा. परंतु कष्टावांचून आलेल्या पैशास कोणी नांवें ठेवूं नयेत.

याच गृहस्थानें २५ जुलैला ४०,००० च्या ऐवजीं ३८,००० रुपये भरले आणि उरलेले दोन हजार पुढच्या महिन्यावर टाकले, तर काय होतें तें आतां पाहावें. सामान्य माणसाची समजूत अशी कीं, दोन हजार राहिले, तर दोन हजारांवर व्याज लागेल. पुष्कळ बँकांचा नियम तसा नाहीं. बिल पुरतें चुकतें झालें नाहीं, कीं बिनव्याजी मुदतीची सवलतच रद्द होते आणि मूळच्या संबंध रकमेवर, खरेदीच्या दिवसापासून, व्याज धरलें जातें. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे दरसाल शेकडा ४२, या दरानें ४०,००० वर एकूणपन्नास दिवसांचें व्याज २,२५५ रुपये होतें. उरलेल्या दोन हजारांवर ५ ऑगस्टपर्यंतचें २५ रुपये. त्यावर वस्तु व सेवा कर शेकडा अठरा, म्हणजे आणखी ४१० रुपये. एकूण सुमारें २,६९० रुपये. बचत खात्यांत जो नफा सोळा-सतरा वेळां अचूक व्यवहार करून जमला असता, तो एका खेपेस गेला. आणि एवढ्यावर भागत नाहीं. जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीसहि पहिल्या दिवसापासून व्याज लागूं लागतें. किराण्याची पिशवी, मुलाचीं पुस्तकें, गाडीचें पेट्रोल, सारें व्याजी!

बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो लहानसा आकडा छापलेला असतो, त्याची मोहिनी तर विलक्षण आहे. ती बहुधा बाकीच्या शेकडा पांच असते. ती भरली म्हणजे विलंबाचा आकार लागत नाहीं, बँकेचा तगादा येत नाहीं, आणि माणसास आपण वेळेवर पैसे भरणारे आहों असें समाधान वाटतें. त्या समाधानाची किंमत अशी : ५०,००० रुपयांची बाकी आहे, नवी खरेदी मुळींच केली नाहीं, आणि दरमहा फक्त शेकडा पांच भरले. बारा महिन्यांत सुमारें २९,४५० रुपये भरून होतात, आणि वर्षाअखेर बाकी उरते ४३,९०० रुपये. म्हणजे एकूणतीस हजारांहून अधिक रक्कम देऊन कर्ज फिटलें तें जेमतेम सहा हजारांचें. केवळ किमान रक्कम भरीत राहिल्यास परतफेड कित्येक महिने वा वर्षें लांबते, अशी ताकीद बिलावर छापण्याचें बंधन रिझर्व्ह बँकेनें घातलें तें याच कारणानें. परंतु बिलाच्या तळाशीं बारीक अक्षरांत काय छापलें आहे, तें वाचणारे किती असतील?

या दराची सावकारीशीं तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. जुना सावकारहि व्याज दरमहाच सांगे, ‘शेकडा दोन रुपये’, ‘शेकडा तीन रुपये’. कारण महिन्याचा आकडा लहान दिसतो. कार्डवालीं मंडळीहि तेंच करते. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व दस्तऐवज जाळले, आणि त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. मुंबई इलाख्यांत तर दामदुपटीचा नियम कोर्टांत चालत असे. म्हणजे एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये. आज महाराष्ट्रांत २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. त्याअन्वयें सरकारनें ठरवून दिलेल्या दरांप्रमाणें परवानाधारक सावकारास शेतकऱ्याखेरीज इतरांना दिलेल्या विनातारण कर्जावर दरसाल शेकडा १८ हून अधिक व्याज घेतां येत नाहीं. औरंगपुऱ्यांतील परवाना असलेल्या सावकारास जी मर्यादा, ती बँकेच्या कार्डास मात्र नाहीं!

ती घालण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नव्हे. शेकडा ३० हून अधिक व्याज कार्डावर आकारणें ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निवाडा राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानें २००८ सालीं दिला होता. बँका सर्वोच्च न्यायालयांत गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ रोजीं तो निवाडा रद्द झाला. बँकेनें लावलेला दर केवळ जबर आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयानें त्यांत हात घालूं नये, अशी तरतूद बँकिंग कायद्यांत १९८४ पासूनच आहे. तात्पर्य, कार्डावर किती व्याज घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार बँकेचा आणि तें द्यावयाची वेळ येऊं न देणें हें काम ग्राहकाचें, अशी आजची वांटणी आहे.

दुसरा प्रकार ‘बिनखर्ची हप्त्यां’चा. दसरा-दिवाळीच्या सुमारास दूरध्वनि-यंत्रें, शीतकपाटें, धुलाईयंत्रें यांच्या दुकानांवर या शब्दांचे फलक झळकतात. रिझर्व्ह बँकेनें १७ सप्टेंबर २०१३ रोजीं बँकांना स्पष्ट बजावलें होतें कीं, शून्य टक्के व्याज अशी वस्तुच अस्तित्वांत नाहीं. व्याज कोठें तरी किंमतींत किंवा फींत लपलेलें असतेंच. तेव्हांपासून योजनेचें रूप पालटलें. आतां बँक व्याज लावते, आणि दुकानदार किंवा कारखानदार तेवढी सूट किंमतींत देतो. ३०,००० रुपयांचें शीतकपाट पांच-पांच हजारांच्या सहा हप्त्यांनीं घेतलें, तर पंधरा टक्के दरानें बँक त्याचें मुद्दल सुमारें २८,७३० धरते व व्याज १,२७०. या व्याजावरील कर २२९ रुपये ग्राहकाच्या माथीं येतो. शिवाय प्रक्रियेची फी करासह सुमारें २३५. एकूण ४६४ रुपये.

यावर नफा कसा होतो? ३०,००० रुपये हातीं असून ते ठेवींत ठेवावे आणि दरमहा पांच हजार काढून हप्ता भरावा. साडेसहा टक्क्यांनीं सहा महिन्यांत सुमारें ५६९ रुपये व्याज मिळेल. खर्च वजा जातां १०५ रुपये उरले. परंतु हें व्याज करपात्र असतें. शेकडा वीसच्या पायरीवर असलेल्या गृहस्थास उपकरासह ११८ रुपये आयकर पडला, तर १०५ चा नफा जाऊन वर तेरा रुपयांची खोट येते. दुकानदारानें रोख पैशावर पांचशें-हजार रुपये सूट देऊं केली असली आणि ती हप्त्यांच्या मोहानें सोडली असली, तर मग विचारावयासच नको. रोखीचा भाव काय, हा प्रश्न दुकानांत शिरतांच, हप्त्यांचें नांव काढण्यापूर्वीं विचारणें हीच येथील खरी चतुराई.

तिसरा प्रकार कर्ज एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर नेण्याचा. नवी बँक म्हणते, जुन्या बँकेची बाकी आम्ही भरतों, तीन महिने आमचें व्याज नाहीं. फक्त शेकडा दोन फी. एक लाखावर ही फी करासह २,३६० रुपये होते. तीन महिन्यांचे २,३६० म्हणजे दरसाल शेकडा साडेनवाच्या जवळपास. अशा पैशानें मोकळी झालेली रक्कम साडेसहा टक्क्यांच्या ठेवींत टाकणाऱ्यास तीन महिन्यांत १,६२५ रुपये मिळतील. म्हणजे नफ्याच्या नांवानें सातशेंहून अधिक रुपये गेले. परंतु ज्याच्या डोक्यावर जुन्या कार्डाचें बेचाळीस टक्क्यांचें कर्ज आधींच बसलें आहे, त्यास हीच योजना वरदान आहे. त्याचे तीन महिन्यांचे व्याज व कर मिळून सुमारें १२,३९० रुपये वांचतात. गुंतवणुकीसाठीं निरुपयोगी आणि सुटकेसाठीं उपयुक्त, असा हा उलटा न्याय आहे. अट एकच, तीन महिन्यांत मुद्दल खरोखर फेडलें पाहिजे आणि जुनें कार्ड पुन्हां भरतां कामा नये. तसें न झाल्यास एका कर्जाचीं दोन कर्जें होतात.

विलायतेंत या खेळाला एके काळीं चांगले दिवस आले होते. २००७ सालीं बँक ऑफ इंग्लंडचा दर पावणेसहा टक्क्यांपर्यंत चढला होता, आणि बिनव्याजी मुदतीचीं कार्डें सर्रास मिळत होतीं. त्यामुळें कार्डाचा पैसा बचत खात्यांत टाकून कांहीं चतुर लोक वर्षाकांठीं बरी रक्कम मिळवीत. मार्च १९०९ मध्यें नव्हे, तर नेमक्या शंभर वर्षांनीं, मार्च २००९ मध्यें तो दर अर्ध्या टक्क्यावर आला आणि नफ्याचा झराच आटला. युक्ति तीच होती, माणसें तींच होतीं; केवळ दर बदलला. आपल्याकडे तर दराचें गणित पहिल्यापासूनच प्रतिकूल आहे, कारण दीर्घ मुदतीचा फुकट पैसा येथें सहसा मिळतच नाहीं.

आणि म्हणूनच कांहीं लोक आडवाटेस लागतात. बँकेची ठेव साडेसहा टक्केच देते, तर जेथें अधिक मिळेल तेथें पैसा लावावा, असें त्यांस वाटूं लागतें. येथें कार्डाचा धोका संपून दुसरा, अधिक मोठा धोका सुरू होतो. आणि तो शिकण्यासाठीं या जिल्ह्याच्या बाहेर जाण्याचें कारण नाहीं. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठीं जमिनी गेलेल्या बिडकीन-पैठण भागांत, शेकडा तीस परताव्याच्या बोलीवरून ‘तीस-तीस’ म्हणून ओळखली गेलेली एक योजना बोकाळली होती. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे कित्येक शेतकऱ्यांनीं तींत घातले. २०२२ सालीं प्रकरण पोलिसांत गेलें. पुढच्याच वर्षीं शहरांतील आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेंत सुमारें २०० कोटि रुपयांच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदला गेला आणि ठेवीदारांस आपल्याच पैशासाठीं मोर्चे काढावे लागले. बँकेंतील ठेवीस २०२० पासून पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं, हा भेद पुष्कळ सुशिक्षितांसहि ठाऊक नसतो. स्वतःचा पैसा अडकला तर माणूस पोटास चिमटा घेऊन दिवस काढतो. कार्डाचा पैसा अडकला तर ठेव परत येवो न येवो, २५ तारीख यावयाची ती येतेच.

कार्डावरून रोख रक्कम काढणें ही आणखी एक आडवाट. तिला बिनव्याजी मुदत नसते. काढतांक्षणीं व्याज सुरू होतें आणि वर साधारणतः अडीच टक्के फी पडते. कांहीं दुकानदार खोटी विक्री दाखवून, दोन-अडीच टक्के कापून, रोख रुपये हातांवर ठेवतात. हा बँकेशीं केलेल्या कराराचा उघड भंग आहे. उघडकीस आल्यास कार्ड तर बंद होतेंच, शिवाय चौकशीस तोंड द्यावें लागतें. घरभाड्याच्या नांवाखालीं आपल्याच आप्ताच्या खात्यांत पैसे पाठवून ते परत घेण्याचीहि एक लाट मध्यंतरीं येऊन गेली. २०२२ पासून बँकांनीं अशा भरण्यावर फी बसविण्यास आरंभ केला आणि त्यांतील गोडी गेली.

स्वस्त व्याजाचा विषय निघाला असतां या शहरानें गाजविलेला एक व्यवहार सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ऑक्टोबर २०१० मध्यें येथील उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटानें एकाच दिवशीं १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. किंमत सुमारें ६५ कोटि रुपये. त्यांपैकीं चाळीस कोटींहून अधिक रक्कम भारतीय स्टेट बँकेनें शेकडा सात दरानें कर्जाऊ दिली. एकजुटीनें सौदा केल्यामुळें व्याज उतरलें, यांत व्यापारी चातुर्य होतें यांत संशय नाहीं. परंतु त्याच वर्षीं पत्रकार पी. साईनाथ यांनीं लक्ष वेधलें तें असें कीं, याच जिल्ह्यांतील शेतकऱ्यास ट्रॅक्टरच्या कर्जावर याहून पुष्कळ चढा दर द्यावा लागत होता. पैसा ज्यास उणा नाहीं त्यास तो स्वस्तांत मिळतो, आणि ज्यास खरी निकड आहे त्यास महागांत, हा पतपेढीच्या धंद्याचा जुना कायदा आहे. क्रेडिट कार्डाचेंहि तेंच. ज्याच्या खात्यांत बिलाचे पैसे आधींच पडलेले आहेत त्यास बँक एकूणपन्नास दिवस फुकट देते, आणि त्याचा खर्च ज्याच्या खात्यांत ते नाहींत त्याच्या बेचाळीस टक्क्यांतून बऱ्याच अंशीं भरून काढते. या हिशेबानें पाहिलें, तर कार्डावर नफा मिळविणारा गृहस्थ बँकेस फसवीत नसून, आपल्याच एखाद्या गाफील शेजाऱ्याच्या खिशांतून तो घेत असतो.

तरीहि ज्यास हा व्यवहार करावयाचा असेल, त्यानें बिलाची पूर्ण रक्कम, किमान नव्हे, देय दिवशीं खात्यांतून आपोआप वळती होण्याची लेखी सूचना बँकेस देऊन ठेवावी, आणि त्या दिवशीं खात्यांत पैसे असतील असें पाहावें. खर्चाची मर्यादा दोन लाख मिळाली म्हणून दोन लाख वापरावयाचे नसतात. मर्यादेच्या मानानें वापर फार वाढला, कीं सिबिलसारख्या संस्थांकडील ३०० ते ९०० या मापांतील पत-अंक घसरूं लागतो. आणि चारशें रुपयांच्या नफ्यासाठीं घसरलेला अंक पुढें घराच्या कर्जावर पाव-अर्धा टक्का जादा व्याज लादूं शकतो. वीस लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षींच तो पाव टक्का पांच हजारांच्या घरांत जातो. दूरध्वनीवरून कोणी व्याज कमी करून देण्याच्या मिषानें कार्डावरील आकडे अगर आलेला गुप्त अंक विचारूं लागला, तर तो बँकेचा माणूस नव्हे असें समजून बोलणें तेथेंच तोडावें.

सवलतीची मुदत संपल्यावर कार्ड नकोसें झालें, तर तें कपाटांत टाकून देऊं नये. वार्षिक फी वाढत जाते. सर्व बाकी भरून लेखी मागणी करावी. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें बँकेनें सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलें पाहिजे. तसें न केल्यास पुढच्या प्रत्येक दिवसास ५०० रुपये ग्राहकास देणें तिजवर बंधनकारक केलें गेलें. मागणीच्या पत्राची पोंच व तारीख मात्र जपून ठेवावी.